‘तिथे गेलेच कशाला?’ : करुणेच्या हिशेबाची एक तपासणी

गेल्या वर्षी आमच्या गणेश मंडळाची जुनी पत्र्याची पेटी माझ्या घरी आली. मंडळाची खोली पाडून तिथे नवी इमारत उभी राहायची होती आणि १९९३ साली मी मंडळाचा खजिनदार होतो, एवढ्या नात्याने ती पेटी माझ्या माथी आली. आत वर्गणीची पावतीपुस्तके, मांडववाल्याची बिले, बँकेचे पासबुक आणि सुतळीने बांधलेले दोन वेगळे गठ्ठे होते. एका गठ्ठ्यावर लिहिले होते ‘किल्लारी भूकंपग्रस्त निधी, ऑक्टोबर १९९३’. दुसऱ्यावर ‘माळीण, ऑगस्ट २०१४’.

मी आयुष्यभर एका कारखान्याच्या लेखा विभागात नोकरी केली. समाजशास्त्र, मानसशास्त्र यांची पदवी माझ्याकडे नाही. जे वाचले ते सार्वजनिक वाचनालयातून आणि स्वतःच्या कुतूहलापोटी. पण ताळा जुळवायची सवय हाडात मुरलेली आहे. दोन नोंदी दिसल्या की मधली राहून गेलेली नोंद मला आधी दिसते. पेटी लावून ठेवताना मला आठवले, की या दोन गठ्ठ्यांच्या मध्ये आणखी एक गठ्ठा असायला हवा होता. २३ नोव्हेंबर १९९४चा. नागपूरचा. तो नव्हता, कारण आम्ही त्या वेळी पावतीपुस्तक छापलेच नव्हते.

काही दुर्घटनांना समाजाची सहानुभूती भरभरून मिळते आणि काहींना मिळत नाही, असे का, या प्रश्नावर मी गेली काही वर्षे वाचत होतो. त्या पेटीने तो प्रश्न माझ्याच अंगणात आणून टाकला.

तीन घटना, दोन गठ्ठे

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती. आमच्याकडे विसर्जनाची मिरवणूक पुरती संपायची होती, आणि तिकडे मराठवाड्यातली गावे आपापले गणपती बोळवून झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर-उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमेवर जमीन हादरली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद असलेली घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. जवळपास आठ हजार माणसे गेली. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवण्यात आली. आम्ही चार दिवसांत तीन पावतीपुस्तके संपवली आणि घोंगड्या, भांडी, कपडे घेऊन ट्रकने निघालो. उमरग्याच्या पुढे रस्त्याकडेला कपड्यांचे ढीग पडलेले पाहिले. मदत इतकी आली होती, की ती उचलायला माणसे नव्हती.

त्यानंतर चौदा महिन्यांनी, २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू असताना गोवारी समाजाचा मोर्चा नागपुरात आला. परंपरेने गुरे राखणारा हा विदर्भातला समाज. अनुसूचित जमातीच्या सवलती मिळाव्यात ही त्यांची मागणी होती. मॉरिस कॉलेजजवळ मोर्चा अडवला गेला. लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसे मेली. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती.

३० जुलै २०१४. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातले माळीण हे गाव डोंगराचा कडा खचून गाडले गेले. १५१ माणसे गेली. सकाळची एसटी घेऊन आलेल्या चालकाला गाव जागेवर दिसेना, त्याने कळवले, तेव्हा जगाला समजले. आम्ही पुन्हा पावतीपुस्तक छापले.

मी रोजचा खर्च डायरीत लिहितो. २४ नोव्हेंबर १९९४चे पान काढून पाहिले. दूध, रॉकेल, स्कूटरचे पंक्चर. बस. त्या सकाळी मी पेपर वाचला होता, ‘वाईट झाले’ असे म्हटल्याचेही आठवते. पण किल्लारीच्या वेळी जे झाले ते या वेळी झाले नाही.

आकडा आणि अंतर

पहिला खुलासा मनात येतो तो संख्येचा. आठ हजार कुठे आणि ११४ कुठे! पण माळीणने हा खुलासा टिकू दिला नाही. १५१ आणि ११४ हे आकडे एकाच पंक्तीतले आहेत.

दुसरा खुलासा अंतराचा. माळीण आमच्याच जिल्ह्यातले, नागपूर सातशे किलोमीटरवर. अंतराची ही गोष्ट जुनी आहे. अ‍ॅडम स्मिथने १७५९ साली, अर्थशास्त्राकडे वळण्याआधी, मानवी भावनांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो, की चीनसारखा देश भूकंपात नष्ट झाला तर युरोपातला एखादा सज्जन चार चांगली वाक्ये बोलेल आणि शांत झोपेल. पण उद्या आपली करंगळी जाणार असे कळले, तर त्याला रात्रभर झोप लागणार नाही. मात्र किल्लारीही आमच्यापासून तीनशे किलोमीटर दूर होते. आमच्यातल्या कुणाचेही तिथे नातेवाईक नव्हते. तरीही आम्ही गेलो.

संख्येबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण तिथे आपली समजूत अगदीच उलटी असते. माणसे जास्त मेली तर दुःख जास्त, असे आपण धरून चालतो. अमेरिकेतल्या डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोव्हिक या तीन अभ्यासकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. भाग घेणाऱ्यांना पाच डॉलर दिले आणि त्यांतून हवे तेवढे दान करा म्हणून सांगितले. काहींना मालीमधल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या भुकेल्या मुलीची माहिती दिली. काहींना आफ्रिकेतल्या लाखो उपाशी माणसांची आकडेवारी दिली. मुलीसाठी सरासरी २.३८ डॉलर मिळाले, आकडेवारीला १.१४. तिसऱ्या गटाला दोन्ही दिले, मुलगीही आणि आकडेवारीही. मला वाटले होते, आता दान वाढेल. ते १.४३ वर आले. आकडा सोबत येताच मुलीचा चेहरा पुसट झाला.

बातमीची वाट

चेहरा आपल्यापर्यंत पोहोचवते ती बातमी. आणि बातमीच्या वाटेवर दुःखाच्या मोठेपणाशी काहीही संबंध नसलेले अडथळे असतात. पहिला अडथळा दिनमानाचा.

१७ जुलै १९४७, आषाढी अमावास्या. सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास ही आगबोट वादळी समुद्रात काश्याच्या खडकाजवळ कलंडली. सुमारे सव्वासहाशे माणसे बुडाली. आता कॅलेंडर पाहा. दुसऱ्याच दिवशी, १८ जुलैला, भारतीय स्वातंत्र्याच्या कायद्यावर ब्रिटनच्या राजाची मोहोर उमटली. चार आठवड्यांत देश स्वतंत्र आणि दुभंग होणार होता. पंजाब, बंगाल पेटलेले होते. अशा वेळी अलिबाग-पेण भागातल्या कोळी, शेतकरी, मजूर माणसांच्या मरणाला देशाच्या मनात जागा मिळायची कुठून? टायटॅनिकवर बुडालेल्या दीड हजारांची आठवण शंभर वर्षे झाली तरी जगभर ताजी आहे, कारण त्या बोटीवर नामांकित माणसे होती आणि वाचलेल्यांतल्या अनेकांनी आपले अनुभव लिहून छापले. रामदासची आठवण रायगडच्या किनाऱ्यावरच्या घरांत राहिली. घराबाहेर ती फार उशिरा आली.

हा नुसता माझा तर्क नाही. आयसेन्से आणि स्ट्रोमबर्ग या अर्थशास्त्रज्ञांनी १९६८ ते २००२ या काळातल्या जगभरच्या सुमारे पाच हजार आपत्तींचा अभ्यास केला. अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर त्या झळकल्या का आणि अमेरिकी सरकारची मदत त्यांना मिळाली का, हे तपासले. ऑलिंपिक चालू असताना घडलेल्या आपत्तीला बातमीत जागा कमी मिळते आणि मदतही कमी मिळते, असे त्यांना आढळले.

दुसरा अडथळा वेगाचा. त्याच अभ्यासातला आणखी एक निष्कर्ष वाचून मी पुस्तक मिटले होते. ज्वालामुखीने गेलेल्या एका माणसाइतकी बातमी व्हायची, तर अन्नटंचाईने सुमारे चाळीस हजार माणसे मरावी लागतात. ज्वालामुखीला क्षण असतो, चित्र असते. भुकेला दोन्ही नसते. अमर्त्य सेन यांनी हे वेगळ्या अंगाने मांडले आहे: मोकळी वृत्तपत्रे आणि निवडणुका असलेल्या देशात मोठा दुष्काळबळी होऊ दिला जात नाही, पण वर्षानुवर्षांचे कुपोषण मात्र त्याच वृत्तपत्रांच्या नजरेखालून निसटून जाते.

मेळघाटातल्या कोरकू मुलांचे मरण असेच पावसाळ्यागणिक येत राहिले. डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंचा अहवाल काढला, तेव्हा त्याला ‘कोवळी पानगळ’ असे नाव दिले. सरकारी दप्तरात दिसणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त मुले मरतात, हे त्यात मोजून दाखवले होते. मोजणी तर महत्त्वाची होतीच. पण त्या दोन शब्दांनी मोजणीला चित्र दिले, आणि सरकारला समिती नेमावी लागली.

तिसरा अडथळा जागेचा. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यात कोणत्याही एका ठिकाणी सर्वांत जास्त माणसे मेली ती छत्रपती शिवाजी टर्मिनसवर, ५८. तरी त्या हल्ल्याचे जे चित्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येते ते ताजच्या घुमटातून निघणाऱ्या धुराचे. याला निव्वळ श्रीमंत-गरीब भेद म्हणणे सोपे आहे, पण पुरेसे नाही. स्टेशनवरचा गोळीबार थोडक्या वेळात आटोपला. हॉटेलांतली झुंज जवळपास साठ तास चालली आणि कॅमेरे समोर उभे होते. भेद नव्हताच असेही नाही. स्टेशनवर गावाकडच्या गाडीची वाट पाहत बसलेल्यांची नावे आपल्यापैकी किती जणांनी वाचली?

एक शब्द

हे सगळे खुलासे खरे आहेत. तरी माझा ताळा जुळेना. नागपूरची घटना आडवाटेला घडली नव्हती. उपराजधानीत, अधिवेशन चालू असताना, सगळ्या वृत्तपत्रांचे वार्ताहर गावात असताना ती घडली. ती अचानक होती. मेलेल्यांत लहान मुले होती. बातमी आमच्यापर्यंत दुसऱ्याच सकाळी पोहोचली होती. मग पावतीपुस्तक का छापले गेले नाही?

मंडळातले त्या वेळचे दोघे सोबती अजून भेटतात. त्यांना विचारले. एकाला घटनाच आठवेना. दुसरा थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “अरे, तो मोर्चा होता ना. पोरंबाळं घेऊन तिथे गेलेच कशाला, असं आपण कट्ट्यावर बोललो होतो.”

तो ‘आपण’ म्हणाला. म्हणजे मीही होतो.

त्या दिवसापासून मी हा शब्द ऐकू लागलो आणि तो सगळीकडे ऐकू येऊ लागला. २५ जानेवारी २००५ रोजी मांढरदेवीच्या यात्रेत जवळपास तीनशे माणसे चेंगरून, भाजून मेली : इतक्या गर्दीत जायचेच कशाला? मुंबईच्या लोकलखाली आणि लोकलमधून पडून वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसे मरतात : दारात लटकायचेच कशाला, रूळ ओलांडायचाच कशाला? ११ जुलै २००६ला त्याच लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, सुमारे दोनशे माणसे गेली आणि सारा देश हळहळला. तसे हळहळणे योग्यच होते. पण तेवढीच माणसे त्याच रुळांवर दर महिना-सव्वा महिन्याला जातात, त्यांच्यासाठी कुणी मेणबत्ती लावत नाही.

अ‍ॅरिस्टॉटलने करुणेच्या दोन अटी सांगितल्या आहेत. दुःख भोगणाऱ्याची त्यात चूक नसावी, आणि तेच दुःख आपल्यावर किंवा आपल्या माणसांवर येऊ शकते असे आपल्याला वाटावे. ‘कशाला’ हा एकच शब्द या दोन्ही अटी मोडतो. चूक त्यांची होती, आणि मी तसा गेलो नसतो, म्हणून माझ्यावर ही वेळ येणार नाही. किल्लारीचे लोक झोपले होते. माळीणचे लोक आपल्या घरात होते. झोपलेल्या माणसाला ‘कशाला’ विचारता येत नाही. गोवारी बायका मात्र उठून, मुले काखेला मारून, काहीतरी मागायला निघाल्या होत्या. असहाय माणसाला आपण सहज कवटाळतो. तोच माणूस हक्क मागायला उभा राहिला, की आपण त्याची उलटतपासणी सुरू करतो.

मेल्व्हिन लर्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात एक प्रयोग केला. एका बाईला विजेचे झटके बसताना लोकांना दाखवले (ते नाटक होते, पाहणाऱ्यांना माहीत नव्हते). ज्यांना ते झटके थांबवण्याचा मार्ग दिला, त्यांनी तो वापरला. ज्यांना काहीच करता येणार नव्हते, ते हळूहळू त्या बाईलाच नावे ठेवू लागले. जग न्यायाने चालते हा आपला विश्वास शाबूत ठेवण्यासाठी माणूस असे करतो, हे लर्नरचे म्हणणे.

हे वाचले तेव्हा कट्ट्यावरची ती संध्याकाळ मला जरा कळली. भूकंपासाठी घोंगडी देता येत होती. मोर्चातल्या मरणासाठी काय द्यायचे होते? तिथे फक्त प्रश्न विचारता आला असता, सरकारला आणि स्वतःला. ते अवघड होते. ‘कशाला’ म्हणणे सोपे होते. गोवारींच्या मागणीचा निकाल पुढे न्यायालयात गेला. २०१८ साली उच्च न्यायालयाने तो त्यांच्या बाजूने दिला, २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. मागणी कायद्याने बरोबर की चूक, हा वाद वेगळा. ११४ जणांसाठी हळहळायला तो निकाल लागायची वाट पाहण्याचे कारण नव्हते. नागपुरातल्या स्मारकापाशी दर २३ नोव्हेंबरला माणसे जमतात. ती बहुतेक त्यांचीच माणसे असतात.

‘कशाला’ हा शब्द कट्ट्यावर राहिला असता तरी एक वेळ चालले असते. तो दप्तरातही शिरतो. शेतकऱ्याने आत्महत्या केली तर एक लाखाची मदत मिळते, पण आधी प्रकरण ‘पात्र’ ठरावे लागते. सातबारा कुटुंबाच्या नावावर आहे का? कर्ज बँकेचे, सोसायटीचे की परवाना असलेल्या सावकाराचे? वसुलीचा तगादा होता का? उत्तरे बसली नाहीत, की शेरा पडतो ‘अपात्र’. दुसऱ्याची जमीन कसणारा, सोयऱ्याकडून उसने घेणारा माणूस असा मरणानंतर नापास होतो. सरकारी पैशाला नियम हवेत, हे लेखा विभागातला माणूस म्हणून मला कळते. पण ज्या विधवेच्या हातात तो कागद पडतो, तिने तो काय म्हणून वाचायचा?

पगाराच्या चिठ्ठीतली एक ओळ

मग करायचे काय? ‘सर्वांवर सारखी करुणा करा’ असा उपदेश करून मला हा लेख संपवता येईल, पण माझाच त्यावर विश्वास नाही. मन एका चेहऱ्याने हलते, आकड्याने हलत नाही. ते आज हलते, उद्या थकते. हा त्याचा घडणीतला दोष आहे आणि चांगल्या माणसांतही तो असतो. म्हणून ज्या गोष्टी जगण्यामरण्याच्या आहेत त्या एकट्या मनावर सोडू नयेत, एवढे मी शिकलो.

याचे उदाहरण महाराष्ट्रानेच घालून दिले आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापूरला एक प्रयोग सुरू केला. १९७२च्या दुष्काळात तो राज्यभर गेला. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला. खेड्यातल्या ज्या प्रौढ माणसाला अंगमेहनतीचे काम हवे आहे, त्याला ते सरकारने द्यायचे. त्याची जात काय, त्याने कर्ज कशाला काढले, तो दारू पितो का, हे विचारायचे नाही. काम करायला तयार आहेस का, एवढाच प्रश्न. त्यासाठी पैसा उभा करायला १९७५ साली व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदाराच्या खिशातून तो थेट जातो. त्याला पाझर फुटला की नाही, हेही कुणी विचारत नाही.

ही योजना निर्दोष होती असे नाही. खोटी हजेरीपत्रके, महिनोन्‌महिने रखडलेली मजुरी, अर्धवट सोडलेले पाझर तलाव, सगळे झाले. पण तिच्या मुळाशी असलेली एक गोष्ट मला आमच्या पावतीपुस्तकांपेक्षा मोलाची वाटते. दुष्काळी गावातल्या बाईला आपले दुःख आम्हाला पटवून द्यावे लागत नव्हते.

मी निवृत्तीच्या जवळ आहे. लेखा विभागात असल्याने शेकडो लोकांच्या पगाराच्या चिठ्ठ्या माझ्या हाताखालून गेल्या. त्यांत व्यवसाय कराची एक ओळ असते : महिन्याला दोनशे, फेब्रुवारीत तीनशे. ‘हे कशाला कापता?’ असे दर फेब्रुवारीत कुणीतरी विचारायला यायचे, आणि मीही खांदे उडवून ‘सरकारचा नियम’ म्हणायचो. आता कुणी आले तर त्याला बसवून घेतो आणि विसापूरपासून सांगायला सुरुवात करतो.

पेटी मी मंडळाला परत केली. त्याआधी एका कोऱ्या पावतीपुस्तकाच्या वेष्टनावर ‘नागपूर, २३ नोव्हेंबर १९९४ : ११४’ असे लिहून ते दोन गठ्ठ्यांच्या मध्ये ठेवले. आत एकही पावती फाडलेली नाही. पुढच्या खजिनदाराने ते उघडून पाहिले, तर त्याला प्रश्न पडेल अशी आशा आहे.